बशीतला भाऊ

“मग सर, आजच देऊ का त्याला?”

पद्मजानं विचारलं आणि पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. नवी कोरी पट्टी. एकही गोळी फोडलेली नाही.

मुजावरसर चहात खारी बुडवत होते. खारी बुडवताना ते बोलत नसत. खारी जास्त वेळ बुडाली की तळाला जाते आणि माणूस ना चहाचा राहतो ना खारीचा, असं त्यांचं ठाम मत.

खारी सुखरूप तोंडात गेली. मग ते म्हणाले, “कुणाला?”

“भरतेशला. माझ्या भावाला. बाहेर बाकावर बसलाय. मुद्दाम बोलावून घेतलंय सांगलीहून.”

“त्याचे डॉक्टर काय म्हणतात?”

“ते नाहीच म्हणणार. त्यांना कुठं माहितीय, बशीत काय झालंय ते!”

“अस्सं…” सर म्हणाले आणि त्यांनी दुसरी खारी उचलली.

मिरजेबाहेरच्या माळावर ही प्रयोगशाळा. दस्तगीर मुजावर हे तिथले सगळ्यांत जुने गृहस्थ. आधी मेंदूचे डॉक्टर, मग मेंदूचे संशोधक, आणि निवृत्त झाल्यावर दोन्ही. डोक्यावर एक केस नाही, आणि त्याचं त्यांना एका केसाचंही दुःख नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता मोठमोठ्या खुर्च्यांवर आहेत. पद्मजा मगदूम त्यांची शेवटची शिष्या, आणि सगळ्यांत हुशार. हे सरांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिला जरा जास्तच माहीत होतं.

आणि का नसावं? काम तसंच केलं होतं पोरीनं.

भरतेशच्या दंडातून तिनं थोडं रक्त घेतलं. त्या रक्तातल्या पेशींना त्यांचं रक्तपण विसरायला लावलं. आईच्या पोटातल्या बाळाच्या पेशी असतात तशा त्या कोऱ्या झाल्या. त्यांना मूळपेशी म्हणतात. मग त्या कोऱ्या पेशींना हळूहळू वळण लावत लावत तिनं त्यांच्या मेंदूच्या पेशी केल्या. पोर जन्माला घालायला लागतात त्याहून जास्त महिने लागले. पण एका सकाळी भिंगाखाली त्या लुकलुकल्या. एक लुकलुकली, शेजारची लुकलुकली, मग सगळी आळी.

त्या दिवशी तिनं सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले होते. “माझ्या भावाचा मेंदू!” म्हणून.

“मेंदू नाही, पेशी,” सर तेव्हा म्हणाले होते आणि दोन पेढे घेतले होते.

काचेच्या त्या चपट्या झाकणाच्या भांड्याला कागदोपत्री मोठं नाव होतं. सर त्याला बशी म्हणत, म्हणून सगळे बशीच म्हणत. निरोगी माणसाच्या पेशीही शेजारी हव्यात, म्हणजे तुलना होते. त्यासाठी सरांनी स्वतःचंच रक्त दिलं होतं. तेव्हा एकाच कपाटात, एकाच उबेत, भरतेशच्या बश्या आणि सरांच्या बश्या शेजारी शेजारी नांदत होत्या.

भरतेशला तीन वर्षांपासून फिट्स येत. गडी कसा, तर कृष्णेच्या पुरात पुलावरून उडी मारून थेट खालच्या हरिपूर गावाच्या अंगाला निघणारा. आता डॉक्टरांनी त्याला नदी बंद केली होती. पाण्यात फिट आली तर संपलं. गेली तीन वर्षं तो घाटावर कपडे राखत बसायचा. पोहणाऱ्यांचे.

तेच बहिणीला बघवत नव्हतं.

“सर, तुम्ही स्वतः बघितलंय,” पद्मजा आता उभी राहिली. “भरतेशच्या पेशी पेटतात. दिवाळीची माळ लावल्यासारख्या, सगळ्या एकदम. तुमच्या पेशी शांत. भरतेशच्या बशीत हे औषध टाकलं, की त्याही शांत! एकदा नाही, दर वेळी. औषध काही नवं नाही. हृदयाच्या आजाराला वर्षानुवर्षं देतात. जुनी गोळी बंद, ही सुरू, आणि येत्या रविवारी भरतेश नदीत!”

“जुनी बंद?”

“त्या जुनीनं काय दिवे लावलेत? फिट्स येतातच की.”

सरांनी कप खाली ठेवला.

“पद्मजा, बशीतला भाऊ बुडत नाही.”

 हुशार माणसाची गप्प बसायची मुदत फार लहान असते.

“शितावरून भाताची परीक्षा होते सर.”

“होते ना. भात शिजला का, ते कळतं. जेवणाऱ्याला पचेल का, तेही शितावरून कळतं होय?”

“पण शीत माझंच आहे! म्हणजे… भावाचं आहे. दुसऱ्या कुणाच्या पेशी असत्या तर गोष्ट वेगळी. या त्याच्या आहेत. मी त्यांना रोज बघते. हजार बश्यांत ठेवा, मी माझा भाऊ ओळखेन.”

“ओळखशील?”

“डोळे मिटून!”

“डोळे उघडेच ठेव,” सर म्हणाले. “एक सांग. तुझे वडील हळदीचे व्यापारी. सौद्याआधी मालाची वानगी कशी बघायचे?”

हे कुठून कुठं गेलं, तिला कळेना. पण सांगलीच्या हळदपेठेतली पोर ती; उत्तर तोंडपाठ.

“वाट्यांत. सगळ्यांच्या मालाची एकेक वाटी, आमच्याही. नावाची चिठ्ठी वाटीखाली. आणि मांडायच्या दुसऱ्यानं. बाबा तेवढा वेळ दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे.”

“का बरं?”

“आपल्या ताकाला कोण आंबट म्हणतं? आपली हळद कुठली हे माहीत असलं की आपलीच पिवळी दिसते…”

शेवटचे शब्द जरा हळू आले.

सर उठले, हात धुतले, हातमोजे चढवले.

“जा, तेवढ्यात भावाला आत घेऊन ये,” ते म्हणाले.

पद्मजा बाहेर गेली. भरतेश बाकावर बसून भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बघत होता.

“अक्का, ह्यातलं माझं बिघडलेलं कुठलं गं? हे फ्लॉवरसारखं दिसतंय तेच का?”

“सगळंच फ्लॉवरसारखं दिसतंय. चल आत. आणि सरांशी नीट बोल.”

“नीटच बोलतो की. तूच घाबरालीस.”

त्याला पायात पिशव्या, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क असं चढवून ती आत घेऊन आली. तो आरशासमोर थांबला. “आयला, लग्नात एवढं नटवलं नव्हतं मला.”

आत सर हूडपाशी बसले होते. हूड म्हणजे स्वच्छ हवा सोडणारी काचेची पेटी. बशी उघडायची ती तिथंच. त्यांच्यापुढं बश्यांची एक रांग होती. झाकणांवर पद्मजाच्या सुबक अक्षरांतली नावं. काहींवर ‘भरतेश’, काहींवर ‘मुजावरसर’. बाकीच्या संशोधकांच्या झाकणांवर नुसते आकडे असत. नाव घालायची हौस हिची एकटीची.

“पोरी, झाकणं बदलली मी,” सर म्हणाले.

“म्हणजे?”

“ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. काही तशीच ठेवली. आता कुठल्या झाकणाखाली कोण, ते झाकणालाही ठाऊक नाही.”

पद्मजाचा चेहरा असा झाला, जसा भर बाजारात गाडीवरच्या पोत्यांची दोरी सुटल्यावर होतो.

“सर! इतक्या महिन्यांचं काम…”

“तू ओळखणार आहेस ना? डोळे मिटून…”

भरतेश मास्कच्या आतून खुदकन हसला. “ओळख की अक्का. शाळेत स्नेहसंमेलनात गर्दीतनं हुडकायचीस मला.”

आता मात्र माघार नव्हती. तिनं पहिली बशी भिंगाखाली ठेवली. भिंगाला पडदा जोडलेला होता, म्हणजे सगळ्यांना दिसे. पडद्यावर काळोख. काळोखात हिरवट ठिपके. एखादा मिणमिणला, विझला.

“हे तुम्ही सर.”

दुसरी. तेच. “हेही तुम्ही.”

तिसरी बशी ठेवली आणि पडदा उजळला! एक ठिणगी, मग चार, मग अख्ख्या पडद्यावर सरसर लाट. विझली. पुन्हा लाट.

“हा!” पद्मजा ओरडली. “हा माझा भाऊ! बघा कसा पेटतोय. भरत्या, बघ, हा तू!”

भरतेश पुढं सरकला. आपल्या मेंदूच्या पेशी बघायचा योग फार थोड्यांना येतो. तो टोपी सरळ करून त्या पडद्याकडं बघत राहिला.

“लई भारी दिसालोय की मी…” तो हळूच म्हणाला.

“नक्की हाच?” सरांनी विचारलं.

“पैज लावा.”

“पैज नको. उलटी कर.”

बशीच्या तळाला खूण करायची, हा सरांचा जुना दंडक. झाकणं इकडची तिकडं होतात, तळ होत नाही. पद्मजानं बशी हलकेच उचलून वर धरली आणि खालून बघितलं.

तळाला दोन अक्षरं होती. द. मु.

तिनं पुन्हा बघितलं. दस्तगीर मुजावर.



मग मास्कमधून असा काही आवाज आला, की सायकलच्या ट्यूबमधून हवा निसटावी. भरतेश भिंतीला धरून वाकला होता.

“अक्का! अगं, ते सर आहेत! सरांना भाऊ केलंस! आता बांध राखी!”

“गप बस रे!”

“भाऊबीजेला काय घालणार सर? आमच्या अक्काला पैठणी चालत नाही बरं का, मायक्रोस्कोप लागतो!”

सरही हसत होते. टकलापर्यंत लाल झाले होते. पद्मजाला कळेना, रडावं की कुणाला मारावं.

“पण सर… तुम्हाला कधी फिट आलेली नाही. मग तुमच्या पेशी अशा का पेटल्या?”

“तूच सांग. आज सकाळी काय चुकलं?”

ती आठवू लागली. रोज सकाळी आली की ती आधी भरतेशच्या बश्यांना खाऊ घालायची. पेशींचं जुनं पाणी काढून ताजं, साखर-खार घातलेलं पाणी द्यायचं, त्याला तिथं खाऊ घालणं म्हणत. भरतेशचं आधी, स्वतःच्या हातानं. कधी चार शब्द बोलतही असे त्यांच्याशी. लगेच भिंगाखाली बघायची. बाकीच्या बश्यांना मग दुपारी, जो कुणी मोकळा असेल तो घालायचा. त्यांचं बघणं तर त्याही आधी, उपाशीपोटीच उरकलेलं. आज मात्र ती भावाला आणायला स्टँडवर गेली होती…

“आज मी खाऊ घातलाच नाही.”

“मी घातला,” सर म्हणाले. “फक्त माझ्या बश्यांतल्या एकीला. बाकीच्यांना आज उपास.”

पद्मजा खुर्चीत बसली. बसली म्हणजे खुर्ची खाली होती म्हणून बसली.

“म्हणजे मला जो पेटताना दिसत होता, तो आजार…”

“आजार असेलही. पण निदान थोडा तरी नाश्ता होता.”

“आणि औषध घातल्यावर शांत व्हायच्या, ते मी औषध रोज दुपारी घालत होते म्हणून…”

“वामकुक्षी!” भरतेश म्हणाला. “माझंही तसंच आहे अक्का. खाल्लं की आधी उड्या, मग झोप.”

इथं तिला हसू आलं. आधी नाकातून, मग मोकळं. भावाच्या मायेपोटी त्याला सगळ्यांच्या आधी जेवू घालायचं, ही साऱ्या मुलखातल्या बहिणींची रीत. तिनं ती काचेच्या बशीतही पाळली होती, आणि तिथंच घात झाला होता. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तर हातमोज्यानं पुसताही येईना.

सरांनी दारालगतच्या टेबलावरची गोळ्यांची पट्टी उचलली आणि शांतपणे आपल्या कोटाच्या खिशात टाकली. तिनं बघितलं. परत मागितली नाही.

“जुनी गोळी घेतोस ना रे वेळेवर?” त्यांनी भरतेशला विचारलं.

“घेतो की. अक्का म्हणाली होती आजपासून बंद.”

“अक्का आता तसं म्हणत नाही.”

“नाही म्हणत,” पद्मजा म्हणाली.

सरांनी स्टूल पुढं ओढलं आणि भरतेशसमोर बसले. गुडघ्याला गुडघा लागेल असे.

“पद्मजा, फिट यायच्या आधी ह्याला काय होतं?”

“काही नाही. एकाएकी येते.”

“त्यानं सांगितलं?”

“असं… असं मीच…” ती भावाकडं वळली. “काय रे, काही होतं का आधी?”

“होतं की. हळदीचा वास येतो.”

“काय?”

“हळदीचा. कच्च्या. दळताना येतो तसा, नाकात भरतो. मग डोळ्यांपुढं अंधारी.”

“आणि हे तू तीन वर्षांत बोलला नाहीस?”

“कुणाला बोलू? आपल्या पेढीवर बाराही महिने हळद. वास आला की मला वाटायचं, पोतं फुटलं. एकदा थेटरात आला. म्हटलं, आपल्याच अंगाला असंल. आणि मावसभावाच्या हळदीला आला, तेव्हा तर बोलायची सोयच नव्हती!”

सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. भरतेशनंच त्यांना पाणी दिलं.

“बशीत हळदीचा वास येतो का गं?” खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं.

पद्मजानं मान हलवली. बशीला नाक नव्हतं. बशीला पेढी नव्हती, थेटर नव्हतं, मावसभाऊ नव्हता. ती रोज बशीला विचारत होती. आणि ज्याला विचारायचं तो, ती सांगलीला घरी गेली की, तिच्यासमोर बसून भाकरी खात होता.

“हे बघ गड्या,” सर म्हणाले, “मेंदूत ज्या जागी वास कळतो, त्या आळीतून तुझी फिट निघत असावी. ती येण्याआधी तुला हाक मारते. पण तू बसतोस हळदीच्या ढिगात, तिथं ती हाक कशी ऐकू यायची? तुमचं दुसरं काही दुकान आहे?”

“काकांचं कापडाचं आहे.”

“मग उद्यापासून तिथं बस. हळद नाही आणि वास आला, की लगेच खाली जमिनीवर बसायचं आणि माणसाला हाक मारायची. आणि हे सगळं आजच तुझ्या डॉक्टरांना सांग. मीही बोलतो त्यांच्याशी. तुझं औषध काय, किती, ते ह्या माहितीवरही ठरतं.”

“आणि नदी?”

तो विचारेल हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. 

“ते डॉक्टर ठरवतील,” सर म्हणाले. “मला विचारशील, तर ते हो म्हणाले की मगच. घाटाच्या पायरीजवळ, कमरेइतक्या पाण्यात, पाठीला शिकाऊ पोरं बांधतात तो भोपळा, बरोबर पट्टीचा पोहणारा आणि काठावर ही.”

“भोपळा? सर, मी पुरातली कृष्णा पार केलेला गडी! लोक काय म्हणतील?”

“मग भोपळ्याला पोहायला शिकवतोय म्हणून सांग.”

भरतेशनं टोपी काढून डोकं खाजवलं. कमरेइतकं तर कमरेइतकं. तीन वर्षं कपडे राखणाऱ्याला कमरेइतकं पाणीसुद्धा समुद्र असतो. त्याच्या चेहऱ्यावर जे काही उगवलं ते मास्कच्या वरूनही दिसलं.

पद्मजा बश्यांकडं बघत होती.

“सर, म्हणजे ह्या पेशी खोट्या?”

“खोटा माल कधी तुझी चूक पकडतो? आज ह्यांनी पकडली.” सरांनी एक बशी उजेडात धरली, लहान मुलाला धरावं तशी. “इतके दिवस तू ह्यांना बोलू दिलं नव्हतंस. आज पहिला प्रयोग झाला.”

“औषध खरं असू शकतं अजूनही?”

“असूही शकतं, नसूही शकतं. बघूया की! मजा तर पुढंच आहे.”

मग कामाला सुरुवात झाली. पद्मजानं स्पिरिटच्या बोळ्यानं झाकणांवरची नावं पुसली. ‘भरतेश’ पुसताना बोळा जरा रेंगाळला, पण पुसलं. सर तळाच्या खुणांवर पट्ट्या चिकटवत गेले आणि पट्ट्यांवर आकडे घालत गेले. कुठला आकडा कुणाचा, ते फक्त त्यांना ठाऊक. यापुढं सगळ्यांना खाऊ एका वेळी, एका हातानं. बघणंही एका वेळी. औषध कुणात आणि नुसतं पाणी कुणात, तेही सरच ठरवणार. ती नुसती बघणार आणि दिसेल ते सांगणार.

भरतेश मास्क उतरवून बाहेरच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होता. सरांच्या वाट्याची खारी त्यानं कधीच संपवली होती. बहीण आणि तिचे गुरू दोघं मिळून त्याला बश्यांच्या गर्दीत असं परोपरीनं हरवतायत, हे बघून त्याला भलतीच गंमत वाटत होती.

“बघा हं सर, घोळ घालू नका,” तो म्हणाला. “नाहीतर तुमचं टक्कल माझ्या डोक्यावर यायचं.”

तो स्वतःच्याच विनोदावर स्टुलासकट हलायला लागला.

बश्या ट्रेमध्ये मांडून झाल्या. सगळ्या सारख्या. बिननावाच्या. पद्मजानं ट्रे दोन्ही हातांनी उचलला, उबेच्या कपाटाशी गेली. दार उघडलं. आणि थांबली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती ट्रेकडं बघत होती आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. मन मात्र पिसासारखं हलकं झालं होतं.

तरी बहिणीचा जीव…

“सर,” ती म्हणाली, “एकदाच विचारते. नुसतं सांगा, मी लगेच विसरेन. ह्यातला माझा भाऊ कुठला?”

मुजावरसरांनी ट्रेकडं बघितलंही नाही.

“तुला हसतोय तो.”